सेक्रेटरीसाहेबांच्या काखेतली गाठ

इमारतीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या काखेत सुपारीएवढी गाठ आली आणि चाचपून चाचपून त्यांनी ती मनातल्या मनात नारळाएवढी केली. शेवटी बायकोला सांगितलं. तिने असा गळा काढला की शेजारच्या काकू धावत आल्या.

"चला, मीही येते दवाखान्यात," काकू म्हणाल्या. "अशा वेळी सोबत हवी."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांजरांना दूध घालतात म्हणून गेल्याच महिन्यात त्यांनी या काकूंना भर सभेत फैलावर घेतलं होतं. "ही इमारत आहे, धर्मशाळा नाही!" असं ते गरजले होते. काकूंनी त्याच दिवशी जिन्यातली वाटी मुकाट्याने उचलली होती.

डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली, रक्ताचे रिपोर्ट चाळले.

"कॅन्सर?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

"तसं वाटत नाही. गाठ दुखतेय, बोटाखाली हलतेय, रक्तही ठीक आहे. काखेतली गाठ बऱ्याचदा हाताच्या दुखण्यावरून सुजते. हाताला जखम वगैरे?"

"काही नाही."

"मग हे ओरखडे कसले?"

"गुलाबाचे काटे."

"अहो, आपल्याकडे गुलाब कुठाय?" बायकोने विचारलं.

"ऑफिसात आहे!"

"घरात मांजर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो!" काकूच प्रामाणिकपणे म्हणाल्या. "आमच्या इमारतीत मांजरांना बंदी आहे. यांनीच घातलीय."

"मग कारण सापडत नाही. गाठ काढून तपासायला पाठवू. छोटंसंच ऑपरेशन."

चाकू डोळ्यांपुढे आला तसा साहेबांना दरदरून घाम फुटला.

"गच्चीवर..." ते पुटपुटले. "टाकीच्या मागे. एक पिल्लू आहे. एवढंसंच."

"म्हणून रोज टाकी बघायला जाता होय!" बायको उसळली. "काखेत कळसा नि गावाला वळसा! मी इथे रडून अर्धी झाले!"

डॉक्टरीणबाईंनी हसू कसंबसं दाबलं. "मांजराच्या ओरखड्यानेही अशी गाठ येते. बहुतेकदा आपोआप उतरते. आणखी एक रक्ततपासणी करू, औषध देते. तूर्त चाकू नको."

जीव वाचला होता, पण साहेबांची मान काही वर होईना. आता काकू तोंड सोडणार, म्हणून ते फरशीकडे बघत बसले. सोडलं असतं तर बरं झालं असतं.

"गाईचं दूध देता का हो त्याला?" काकूंनी हळूच विचारलं. "नका देऊ. पिल्लाच्या पोटाला बाधतं."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सभा बोलावली, सगळ्यांसमोर काकूंची माफी मागितली आणि बंदी मागे घेतली. लोक पोट धरधरून हसले. पिल्लू काकूंनी आपल्या घरी नेलं.

आता रोज संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब काकूंच्या दारात जाऊन उभे राहतात. बेल वाजवायलाही ओशाळतात. काकू आपणच दार उघडतात, त्यांना आपादमस्तक न्याहाळतात आणि म्हणतात,

"या. आधी हात धुवा. आमचं पिल्लू आजारी पडायला नको."