दुसरा गिअर

डॉ. अनुपम टिपणीस यांनी आपली एकसष्ट सालची जीप गुरुवारी विकली आणि शनिवारी सकाळी दात घासताना त्यांना पश्चात्ताप झाला. तोंडात फेस होता म्हणून तो लगेच बोलून दाखवता आला नाही, एवढंच.

खरं तर त्यांनी ती विकली असं म्हणणंही धाडसाचंच. बुधवारी जीपखालून बाहेर सरकताना त्यांची कंबर धरली. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कण्हत म्हणाले, "विकून टाकतो आता ही ब्याद!" नवरा असं काही बोलला की बायकोनं "असं काय बोलता" म्हणायचं असतं. अबोलीताईंनी मात्र फोन उचलला, पोर्चमध्ये जाऊन चार फोटो काढले आणि 'रविवारचे जीपवाले' या ग्रुपवर टाकूनही दिले. दहिवलीच्या त्या बंगल्यात गेली बारा वर्षं त्यांची स्कूटर पावसात भिजत होती.

दुसऱ्याच दिवशी खालापूरहून तस्लीम आली. तिची तिथे रक्त तपासायची लॅब होती आणि लहानपणापासून जीपचं वेड होतं. तिने जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि "घेतली" म्हणाली. डॉक्टर कंबरेला पट्टा बांधून खिडकीतून पाहत राहिले. जीप फाटकाबाहेर पडली आणि वळली.

ती जीप त्यांना कुंभिवलीच्या एका पोल्ट्रीमागे सापडली होती. मागच्या सीटवर कोंबड्या, बॉनेटखाली गवत. चौक गावातल्या मकसूदभाईंच्या गॅरेजमध्ये तीन वर्षं, दर रविवारी, दोघांनी खपून ती उभी केली. म्हणजे मकसूदभाईंनी केली. डॉक्टर सुटे भाग डिझेलने धूत आणि हवा तो पाना हातात देत. पण सांगताना "आम्ही बांधली" असंच सांगत, आणि मकसूदभाई ते ऐकून मान डोलवत.

सरळ फोन करून "जीप परत द्या" म्हणणं शक्य नव्हतं. ग्रुपमध्ये कुणी जीप विकली की "ज्याला विकवली, त्याला ती कधी कळलीच नव्हती" असं डॉक्टरच बोलून दाखवत. तेव्हा तस्लीमने आपण होऊन जीप परत करणं, हाच मार्ग उरला. आणि ज्याचा दात दुखत नाही त्यालाही त्या दाताची काळजी कशी लावायची, हे दातांच्या या डॉक्टरांना तीस वर्षांच्या सरावाने चांगलं जमत होतं.

"तस्लीमताई, टिपणीस बोलतोय. गाडी कशी आहे?"

"एकदम मस्त, डॉक्टर!"

"अजून तरी मस्तच वाटेल. पण एक सांगायचं राहिलं. घाटात दुसरा गिअर कधीकधी निसटतो. मनाला खात होतं हो. तुम्हाला परत करावीशी वाटली तर मी काही मनात आणणार नाही."

डॉक्टरांनी पोर्चकडे पाहून अबोलीताईंची स्कूटर कुठे हलवायची ते ठरवलंसुद्धा.

"डॉक्टर, किती चांगले हो तुम्ही," तस्लीम म्हणाली. "आजकाल कोण सांगतं असं? मी लगेच करून घेते."

तिचा सगळा धंदाच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालायचा. डॉक्टरांनी लिहिलं की ते तपासायचं, का म्हणून विचारायचं नाही. आठवड्याभरात तिने शिळफाट्याच्या किशोर मेकॅनिककडे जीप नेली आणि अख्खा गिअरबॉक्स बदलून घेतला. ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'टिपणीस डॉक्टरांच्या प्रामाणिकपणामुळे अपघात टळला.' त्यावर एकवीस जणांनी हात जोडले.

डॉक्टर घाबरले. आपला गिअरबॉक्स जीपमधून निघाला म्हणजे जीपच थोडी कमी झाली. उरलेली तरी वाचवावी म्हणून त्यांनी पुन्हा फोन केला. या वेळी इंजिन गरम होतं, असं सांगितलं. आभार मानता मानता तस्लीमचे डोळे भरून आले. चार दिवसांत किशोरने इंजिनही खोललं.

मग ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'हे मूळ काम कोणाचं होतं?' कुणी उत्तर दिलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कर्जतचा रिसॉर्टवाला साईनाथ मुकाट्याने चौकला गेला आणि मकसूदभाईंकडे दिलेली आपली जीप अर्धवट कामासकट टोचन लावून घेऊन आला. त्याच्या मागोमाग आणखी एकाने आपली नेली.

हे कळलं तेव्हा डॉक्टर चौकला गेले. गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. मकसूदभाई स्टुलावर बसून पाने पुसत होते, आणि पाने आधीच चकचकीत होते.

"डॉक्टर, एक इचारू?" ते म्हणाले. "गिअर निसटत होता, तर मला का नाय सांगितलं?"

"क्वचित व्हायचं हो. कधीतरी," डॉक्टर पुटपुटले.

"चार दिवस तेच आठवतोय. तीनदा खोलून बसवला होता तो. बेरिंग नवी घातली. काय ऱ्हायलं असंल?" त्यांनी दोन्ही हात पुढे धरून उलटेसुलटे पाहिले. "हात गेला माझा. वय झालं ना. झैद म्हणतोच हाय, अब्बा, गॅरेज बंद करा नि पनवेलला येऊन ऱ्हावा."

खरं सांगायची वेळ हीच होती. पण तेवढ्यात चहा आला. चहा फार गरम होता. तो फुंकून पिऊन होईपर्यंत ती वेळ निघून गेली.

"होतं असं एखाद्या वेळी," डॉक्टर म्हणाले.

त्या पंधरवड्यात ते बरंच खोटं बोलले होते. पण पुढे ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटली, ते वाक्य हे होतं.

त्या रविवारी जुन्या हायवेवरच्या ढाब्यावर जीपवाल्यांची बैठक होती. आठ जिपा ओळीने लागल्या होत्या. डॉक्टर अबोलीताईंच्या स्कूटरवर मागे बसून आले. मिसळ झाल्यावर तस्लीम उभी राहिली. तिच्या हातात शाल होती. साईनाथच्या हातात नारळ होता.

"जुनी गाडी विकताना लोक दोष लपवतात," तस्लीम म्हणाली. "टिपणीस डॉक्टरांनी गाडी विकल्यावर फोन कर-करून दोष सांगितले. अशा माणसाचा सत्कार व्हायला पाहिजे."

शाल खांद्यावर पडली. नारळ हातात आला. टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी समोर पाहिलं. सगळ्यात मागच्या बाकावर मकसूदभाई बसले होते, आणि तेही टाळ्या वाजवत होते.

"गिअर निसटत नव्हता," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"गिअर कधीच निसटला नाही. मी खोटं बोललो."

टाळ्या थांबल्या. तस्लीमने हळूच विचारलं, "मग इंजिन?"

"गरम होत नव्हतं."

"आणखी काही?"

"ब्रेकबद्दल अजून बोललो नव्हतो. उद्या बोलणार होतो."

"पण का, डॉक्टर?"

"जीप परत हवी होती," डॉक्टर म्हणाले. शालीत त्यांना फार उकडत होतं. "वाटलं, कंटाळून तुम्हीच आणून द्याल. मकसूदभाईंच्या कामात काडीचा दोष नव्हता."

"मग मागायची ना!" तस्लीम ओरडलीच. "पहिल्या शनिवारी मागितली असती, तर त्याच दिवशी आणून दिली असती. माझ्या सासूबाई दोन दिवस धड बोलत नव्हत्या. लॅब चालवतेस की सर्कस, म्हणाल्या. डॉक्टरांना परत घ्या कसं म्हणू, याच काळजीत मी होते, तर तुमचा फोन! म्हटलं, एवढा भला माणूस, त्याच्या गळ्यात कशी मारायची? आणि आता मागाल तर मुळीच नाय देणार. सासूबाई आता रोज तिच्यातून बाजाराला जातात."

कुणालातरी हसू आलं, ते त्याने पाण्याच्या ग्लासात दडवलं. डॉक्टरांनी शाल काढून परत द्यायचा प्रयत्न केला, ती कुणी घेतली नाही. नारळ मात्र साईनाथने त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. मागच्या बाकावर पाहिलं तर मकसूदभाई निघून गेले होते.

साईनाथची जीप दुसऱ्याच दिवशी मकसूदभाईंकडे परत आली, मागून दुसरीही आली. तस्लीमने जुना गिअरबॉक्स पोत्यात घालून त्यांच्याकडे पोचवला. डॉक्टर दर रविवारी गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसू लागले. मकसूदभाई त्यांना हाकलत नव्हते आणि बोलतही नव्हते. चहा एकच येई.

चौथ्या रविवारी मकसूदभाई साईनाथच्या इंजिनात डोकं घालून म्हणाले, "तो गिअरबॉक्स पडून गंजंल. खोला नि धुवा."

महिन्याभरातलं ते पहिलं वाक्य. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, झाकण खोललं आणि एकेक चाक डिझेलमध्ये घासायला घेतलं. पाठमोरे मकसूदभाई काहीतरी गुणगुणत होते. दुसऱ्या गिअरच्या चाकावरून ब्रश फिरवताना डॉक्टरांचा अंगठा अडला.

एका दाताचा कोपरा उडाला होता. शेजारच्या दाताला मुळाशी केसाएवढी चीर होती. तडकलेला दात ओळखायला डॉक्टरांना दिवा लागत नसे. बारा वर्षांची झीज, दुसरं काय. पण जीप अजून दोन-तीन वेळा बोरघाट चढली असती, तर हा गिअर निसटलाच असता. ते खरंच बोलले होते!

ते उठलेच. ढाब्यावरची सगळी मंडळी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"मकसूदभाई!"

मकसूदभाईंनी मागे वळून पाहिलं. नाकावर ग्रीस लागलं होतं आणि चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"काय निघालं? बेरिंग बघा. तशीच नवी असंल."

डॉक्टरांनी चाक उलटं करून डिझेलमध्ये ठेवलं.

"बेरिंग अगदी नव्यासारखी आहे," ते म्हणाले. ते खरंच होतं. "हा गिअरबॉक्स मला द्याल? घरी ठेवीन म्हणतो."

"गिअरबॉक्स? घरी? वैनी घरात घेतील काय?" मकसूदभाई हसले, आणि मग आत वळून ओरडले, "दोन चहा आना रं!"

चहा झाल्यावर डॉक्टरांनी सगळी चाकं स्वतःच पोत्यात भरली आणि दोघांनी मिळून ते रिक्षात चढवलं. "नीट न्या," मकसूदभाई म्हणाले. "चांगला माल हाय. वीस वर्षं काय नाय होनार त्याला."

"नाही होणार," डॉक्टर म्हणाले.

घरी पोर्चमध्ये अबोलीताई उभ्याच होत्या. ओढत आणलेल्या पोत्याकडे त्यांनी पाहिलं.

"हे काय आणि?"

"जीपचा गिअरबॉक्स."

"चांगला आहे, की बिघडलेला?"

डॉक्टरांनी पोतं भिंतीकडे सरकवलं.

"चांगला आहे," ते म्हणाले, आणि पोत्याचं तोंड त्यांनी सुतळीने आणखी एकदा आवळून बांधलं.