थेंबांनंतरची पंधरा मिनिटं

गाजरगवत, बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर, कंबरभर.

एक तपकिरी माकडटोपी.

नंबर उणे सहा, दोन्ही डोळ्यांना.

एक लाल दिवा, चालू.

आता सुशांत. पुण्याचा, बंगळूरला तीन वर्षं, आणि आज एकदम तयारीत. जयनगरातल्या उभ्याने खायच्या हॉटेलात आसावरीचे वडील त्याला पहिल्यांदा भेटणार होते. ते हो म्हणाले तर मे महिन्यात लग्न. नाही म्हणाले तर विषय संपला, असं आसावरीने आधीच सांगून टाकलं होतं.

"अप्पा उंच आहेत. पांढरा शर्ट, कपाळाला लाल टिळा. पटकन बोलत नाहीत, घाबरू नकोस. पण लाल डोळे घेऊन येऊ नकोस. लाल डोळे दिसले की ते आधी तोंडाचा वास घेतात."

गाजरगवताच्या कृपेने सुशांतचे डोळे महिनाभर पिकल्या टोमॅटोसारखे होते. पण आता डॉक्टरांनी ॲलर्जीचे थेंब लिहून दिले होते. "दोन थेंब, आणि अप्पा खिशात," असं रूममेट प्रणीतला ऐकवून तो निघाला.

पावणेदहाला त्याने हॉटेलच्या बेसिनपाशी लेन्स काढून डबीत ठेवल्या आणि थेंब घातले. पंधरा मिनिटं लेन्स घालायच्या नव्हत्या. भेट दहाला. सगळं कसं बेतशीर.

फक्त लेन्स निघाल्या आणि जयनगर विरघळलं.

दुसरं मिनिट. चाचपडत तो एका टेबलाशी पोचला. हात थेट चटणीत. समोर एक तपकिरी ढग फडक्याने टेबल पुसत होता.

"अण्णा, स्वल्प... जरा नीट पुसा ना. हा कोपरा राहिला."

ढग थांबला. मग त्याने कोपरा पुसला.

"आणि दोन कॉफी आणा."

"कूपन घ्यावं लागतंय," ढग म्हणाला.

"अरे, मराठी तुम्ही? बरं झालं. माझे होणारे सासरे येतायत. जरा खडूस आहेत म्हणे. ते आले की तुम्ही मध्ये मध्ये करू नका."

"सरी, बरं," ढग म्हणाला.

सातवं मिनिट. दाराशी काहीतरी उंच, पांढरं उभं होतं. वरच्या अंगाला लाल ठिपका. लवकर आले की हे.

तो लगबगीने गेला आणि वाकला. पाय थंड आणि लोखंडी लागले. भारीतले बूट असणार.

"नमस्कार अप्पा. मी सुशांत."

अप्पा बोलले नाहीत. नुसते घूं घूं करत राहिले. घसा साफ करत असावेत.

"अप्पा, मी दारू पीत नाही. स्वयंपाक येत नाही, पण भांडी घासतो. आसावरी चिडली की मला भीती वाटते, हेही आत्ताच सांगून ठेवतो. आणि हे माझे डोळे. बघून घ्या."

त्याने पापण्या बोटांनी ताणून डोळे अप्पांना दाखवले.

"सर, स्वल्प सरका," मागून एक बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं, अक्का. घरगुती बोलणं चाललंय."

बाई त्याला वळसा घालून अप्पांच्या पोटाशी वाकल्या. अप्पांमधून पाणी आलं. बाई पेला भरून निघून गेल्या.

उरलेली मिनिटं सुशांतने मोजली नाहीत. धडपडत बेसिन गाठून त्याने लेन्स चढवल्या.

दाराशी पिण्याच्या पाण्याचा फिल्टर होता. पांढरा, पुरुषभर उंच, वर लाल दिवा. त्याच्याशेजारी आसावरी, नुकतीच आलेली.

"अप्पा, तुमच्या हातात फडकं काय?" ती टेबलाकडे बघत विचारत होती.

तपकिरी स्वेटरातल्या उंच गृहस्थांनी माकडटोपी काढली. कपाळावर लाल टिळा होता.

"थंडी होती म्हणून हे घालून पुढं चालत आलो. टेबल घाण होतं, तर पुसत होतो. ह्यानं कोपरा दाखवला."

"अप्पा, तो असा नाहीये हो."

"डोळे चांगले आहेत पोराचे. दिसत नाही, एवढंच."

"मग? तुमचं काय म्हणणं?"

"मला काय विचारतीस? मागणी फिल्टरकडं घातलीय."

सुशांत टेबलाशी आला. अप्पांनी फडकं त्याच्या हातात दिलं आणि तो टेबल पुसू लागला. चारही कोपरे, दोनदा.

अप्पा बघत राहिले. "यंत्रापुढंसुद्धा खरंच बोललाय," ते आसावरीला म्हणाले. "मे महिना चालंल. आता तीन कॉफी आण म्हणावं. कूपन घ्यावं लागतंय."

ते थेंब दिवसातून दोनदाच घालायचे होते, सकाळी आणि संध्याकाळी, आणि सकाळचे सुशांतने सात वाजता घरीच घातले होते.