उत्स्फूर्त हालचालींची मंजूर यादी

एका मंगळवारी सहावीच्या चाळीस मुलांनी ‘माझे घर’ हा निबंध लिहिण्याआधी करून दाखवला. घटना साधी होती आणि ती तिथेच संपली असती, तर कोणाचेच नुकसान झाले नसते.

त्याचे असे झाले, की भाषेच्या बाई चाळीस वह्यांत ‘माझे घर सुंदर आहे’ हे वाक्य चाळीस वेळा वाचून कंटाळल्या होत्या. त्यांनी बाके भिंतीला लावली. “घरातलं माणूस दारातून आत कसं येतं, ते करून दाखवा. नाचत दाखवा, बोलत दाखवा, कसंही. मग लिहा.”

वर्गात एक मुलगी होती. कधी बोलायची नाही, म्हणून पोरं तिला ‘म्यूट’ म्हणत. ती उठली. दोन्ही हातांत पिशव्या असल्यासारखी वाकली, खांद्याने दार ढकलले आणि उंबऱ्यावर थबकली. पिशव्या खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी चेहरा पुसला, त्यावर हसू आणले आणि मगच आत पाऊल टाकले. मग तिने खाली बसून एकोणीस ओळी लिहिल्या. पहिली होती, ‘आई दमते ते दाराबाहेर ठेवून येते.’

नेमके तेव्हा तपासणी अधिकारी दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

“अप्रतिम! याचं प्रपत्र कुठंय?”

“प्रपत्र नाही, सर. सुचलं, म्हणून केलं.”

“नाही कसं? असं सुचू लागलं, तर नोंद कशी ठेवायची?”

महिन्याभरात परिपत्रक आले. ‘लेखन-नाट्य-नृत्य समन्वित आनंददायी उपक्रम’ सर्व वर्गांना लागू झाला. प्रत्येक परिच्छेदास एक हावभाव, प्रत्येक पूर्णविरामास एक ठेका. उत्स्फूर्त हालचालींची यादी आठ दिवस आधी, तीन प्रतींत, मंजुरीसाठी सादर करावी.

बाईंनी यादी पाठवली. म्यूटची हालचाल फेटाळली गेली. बाई कार्यालयात गेल्या.

“दार ढकलणं यादीत बसत नाही,” अधिकारी म्हणाले. “फूल, पक्षी, उगवता सूर्य. यातलं निवडा.”

“सर, तिच्या खिडकीसमोर भिंत आहे. सूर्य दिसत नाही.”

“मग पक्षी घ्या. आम्ही काही आडमुठे नाही.”

पहिल्याच ठेक्याला खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या सरांच्या डोक्यावर छताचा गिलावा पडला. त्यावर समिती बसली आणि नृत्य बसून करावे असे ठरले. पायांना बंदी, हात कोपरापर्यंत. शेजारच्या वर्गाची तक्रार आली, म्हणून नाट्यातले संवाद मनातल्या मनात म्हणायचे ठरले. राहिले लेखन. प्रपत्रे भरण्यात तास संपू लागले, तेव्हा मुलांवर ताण नको म्हणून कार्यालयाने एक आदर्श निबंध पाठवला. तो फळ्यावरून उतरवून घ्यायचा होता. त्याचे पहिले वाक्य होते, ‘माझे घर सुंदर आहे.’

बाईंनी खडू उचलला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. वार्षिक अहवालात ‘सहकार्य नाही’ असा शेरा त्यांना परवडणारा नव्हता. त्यांनी निबंध सुवाच्य अक्षरात लिहिला.

पालकांसमोर सादरीकरण झाले. एकोणचाळीस मुले बसल्या जागी कोपरापर्यंत उगवत होती. तेवढ्यात म्यूट उठली, वही उघडली आणि स्वतःच्या एकोणीस ओळी वाचू लागली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून आवाज फुटला होता, पण कर्ण्यातून बासरी जोरात वाजत होती आणि पालकांचे सगळे फोन वर झाले होते.

“ए बाळा, खाली बस ना,” मागून एक बाप ओरडला. “आमचा सूर्य झाकला जातोय!”

ती बसली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच तिने वही मिटली. अधिकाऱ्यांनी नोंद केली, ‘बसलेले एकोणचाळीस, उभी एक. त्रुटी किरकोळ.’

नंतर पालकांना अभिप्रायपत्र देण्यात आले. ‘पाल्याचे लेखन आपण वाचले का?’ या प्रश्नापुढे चाळीसही पालकांनी ‘होय’वर खूण केली. वह्या तेव्हा बाईंच्या कपाटात होत्या.

म्यूटची आई घाईत निघाली होती. बाईंनी तिला गाठले. “तिनं तुमच्यावर लिहिलंय. जरा वाचता?”

“अय्या, हो? फोटो टाका ना पालकांच्या ग्रुपवर. आता कामावर पोचायचंय हो, बाई.”

बाईंनी तिथेच पानाचा फोटो काढून टाकला. चौथ्या सेकंदाला आईचे हृदय आले. मिनिटाभरात बाकीच्यांचे अंगठे, टाळ्या आणि ‘किती गोड!’

मुलगी बाईंच्या फोनमध्ये डोकावली. “बाई, एकोणीस ओळी वाचायला किती वेळ लागतो?”

बाईंनी फोन पिशवीत टाकला.

त्या ग्रुपवर तुम्हीही आहात. वर जाऊन बघा. सातवा अंगठा तुमचा आहे.