विलायती बंगल्याचा एसी

शारजातले आमचे शेजारी मुजुमदार पाहुण्याला पाण्याच्या आधी प्रश्न देतात. "बोला, याला किती टन एसी लागेल?"

'याला' म्हणजे भिंतीवरच्या फोटोतल्या बंगल्याला. फोटो जुना, पिवळट पडलेला. बंगला इंग्लंडातल्या कुण्या जहागीरदाराचा. दगडी, ऐसपैस, जिकडेतिकडे खिडक्या आणि वर धुराड्यांची रांग. तिथली माणसं बिचारी शेकोटीला चिकटून बसत असणार. पण मुजुमदारांची हयात दुबईतल्या टॉवरांना एसी बसवण्यात गेली. इमारत दिसली की त्यांना आधी उकडायला लागतं.

"अहो, पण तिथे थंडीच असते ना?" मी एकदा म्हणालो.

"आज असते. उद्याची गॅरंटी कोण देणार? हबीबी, डिझाइन नेहमी वर्स्ट केसवर करायचं!"

मग काचेवर बोट फिरू लागतं. "गार हवेची मेन डक्ट जिन्यावरून. पाइप या धुराड्यांतून, नाहीतरी रिकामीच आहेत. चिलर मागे, पण तबेल्यापासून लांब. घोड्यांना आवाज नको. खलास!"

"अंकल, हू लिव्ह्ज देअर?" माझ्या मुलीने विचारलं.

"क्लायंट," मुजुमदार गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणाला जमलेलं नाही. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातले दोन एसीवाले इंजिनिअर एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. मुजुमदारांनी आकडा पाहिला आणि खुशीत मान हलवली. "थोडा जास्त झाला. सगळ्यांचा होतो."

फोटो खरं तर मुजुमदारांच्या पत्नी सुनंदावहिनींच्या मालकीचा. जुन्या बाजारात त्यांनी तो नुसत्या खिडक्यांवर भाळून घेतला. आमच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडतात बोटभर, आणि आत येते ती धूळ. वहिनींना संधिवात आहे. एसीचा वारा लागला की सांधे धरतात, आणि एसीवाचून इथला उन्हाळा काढणं माणसाचं काम नव्हे. म्हणून त्या साताऱ्याला राहतात. दिवाळीनंतर येतात, होळीला परत जातात. त्या मुक्कामात घरचा एसी बंद असतो आणि मुजुमदार कुणालाही टन विचारत नाहीत.

यंदा दिवाळी झाल्यावर मी चकल्या द्यायला गेलो, तेव्हा वहिनींचा फोन चालू होता. स्पीकरवर.

"अहो, डॉक्टर विमान नको म्हणतायत. गुडघे फारच धरलेत. यंदा नाही जमायचं."

"बरं, बरं. शेक घेत जा," मुजुमदार म्हणाले. फोन ठेवला आणि चकल्यांच्या डब्याकडे बघत बसले. वहिनींसाठी झटकून ठेवलेली गोधडी सोफ्यावर तशीच होती.

मला धीर द्यायला जमत नाही. मी उठून फोटोपाशी गेलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्यांचं बोट काचेवर फिरतं तसं माझं फिरवलं.

"मुजुमदार, या वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत डक्ट कुठून नेलीत? ही राहिली की!"

"राहिली नाही," ते म्हणाले. उठून आले, बाहीने काच पुसली. "ती सुनंदाची खोली. कोपऱ्यावर आहे ना, दोन्हीकडे खिडक्या. वारा आरपार जाईल."

इतकी वर्षं आम्ही सगळे ती खोली हिशेबात धरत होतो.

"मग ती सोडून किती टन लागेल?" मी विचारलं.

मुजुमदारांनी माझ्याकडे पाहिलं, गोधडी बाजूला सारून सोफ्यावर जागा केली. "बसा," ते म्हणाले. "सांगतो."