पैलवान आणि राणीसरकार यांची परदेशी बदली

बदली म्हटलं की इतर बायकांच्या पोटात गोळा येतो. माझे हात मात्र शिवशिवायला लागतात! लष्करातल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे घर ही राहायची जागा नसून बांधायचं सामान आहे, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं. काचेचं कपाट द्या, शिवणयंत्र द्या, कुंडीतला नाजूक गुलाब द्या. मी ते एकही ओरखडा न उठता देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवते. आमचे मेजरसाहेब बाहेर अख्खी पलटण हलवत असतील, पण घरची पलटण मी हलवते आणि तिच्यात ते स्वतःही असतात!

तेव्हा या वेळी परदेशातल्या नेमणुकीचा हुकूम आला, तर मी पहिल्या दमात सांगून टाकलं, "अहो, तुम्ही पुढे व्हा, रुजू व्हा. मी मागाहून सगळ्यांना घेऊन येते."

"सगळ्यांना?" साहेबांनी सोफ्याखाली पाहिलं.

सोफ्याखाली पैलवान होता. पैलवान म्हणजे आमचा कुत्रा. अंगाने वासराएवढा आणि काळजाने उंदराएवढा! फुगा फुटला तरी तो सोफ्याखाली जातो, आणि मावत नसल्यामुळे सोफाच त्याच्या पाठीवर उभा राहतो. त्या सोफ्यावर राणीसरकार बसल्या होत्या. ही आमची सोनेरी पट्ट्यांची मांजर. घर आपल्या नावावर आहे आणि आम्ही तिच्याकडे पोटभाडेकरू आहोत, अशा समजुतीत ती वावरते.

"अगं, विमानाने न्यायचं म्हणजे काय खायचं काम आहे? दोघांना माझ्या भावाकडे ठेवू," साहेब म्हणाले.

आमची लेक दारात उभी होती. ती काही बोलली नाही. तेच मला टोचलं. प्रत्येक बदलीला ती एक जिवलग मैत्रीण मागे सोडून येते. पूर्वी गाडीत रडून रडून आकांत करायची. मागच्या बदलीला मात्र रडलीसुद्धा नाही. नुसती पैलवानाच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. आपल्या पोराला निरोप घ्यायची सवय झाली, हे बघून आईच्या जिवाला काय वाटतं ते मी काय सांगू!

"भावाकडे वगैरे काही नाही," मी म्हणाले. "या खेपेला कुणीसुद्धा मागे राहणार नाही. हा माझा शब्द!"

साहेबांनी मान डोलावली आणि पुढे रवाना झाले. माझ्या शब्दापुढे त्यांचं काही चालत नाही.

आता मुख्य अडचण पिंजऱ्याची होती. दोन पिंजरे आणले, एक कपाटाएवढा आणि एक पेटीएवढा. पैलवानाने आपला पिंजरा पाहिला आणि सोफ्याखाली गेला. राणीसरकारांनी आपल्या पिंजऱ्याकडे बघायचेही कष्ट घेतले नाहीत. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही! साहेबांची कवायतीची जुनी शिट्टी खुंटीला लटकत होती, ती काढली. योजना एकदम लष्करी. शिट्टी वाजली की आत. आत गेलं की खाऊ. आणि मी "विश्राम!" म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही.

पैलवानाच्या डोक्यात काही केल्या प्रकाश पडेना. शेवटी लेकीला शिट्टी वाजवायला लावून मी स्वतः गुडघ्यांवर रांगत पिंजऱ्यात शिरून दाखवलं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कर्नलीणबाई दारात आल्या. त्यांना माझा फक्त मागचा अर्धा भाग दिसत होता.

"काही हरवलंय का हो?"

"नाही, प्रशिक्षण चालू आहे!" मी आतून म्हणाले.

पण सांगते काय, जमलं! काही दिवसांतच शिट्टी वाजली की पैलवान एका झेपेत आत आणि राणीसरकार मागोमाग आपल्या पिंजऱ्यात, शेपटी नीट पायाभोवती गुंडाळून. पुढे पुढे तर मैदानावर जवानांची सकाळची कवायत सुरू झाली आणि तिकडची शिट्टी वाजली, तरी ही दोघं आत जाऊन बसायची.

"अहो, ही तर कुणाच्याही शिट्टीने जातात!" कर्नलीणबाई म्हणाल्या.

"हीच तर खरी शिस्त!" मी म्हणाले, आणि माझी मान ताठ झाली. आज आठवलं की तीच मान खाली जाते.

निघायचा दिवस उजाडला. सामान जहाजाने आधीच गेलं होतं. आम्हा दोघींची तिकिटं होती, आणि पैलवान नि राणीसरकार त्याच विमानाच्या पोटातून, मालविभागामार्फत जायचे होते. आम्ही मालविभागाच्या गोदामात वेळेच्या कितीतरी आधी हजर! पत्र्याचं एवढं मोठं गोदाम, की आत आणखी एक विमान मावलं असतं. छतापर्यंत खोकी रचलेली, मधून माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या भिरभिरत होत्या.

तिथला सुपरवायझर जाडजूड होता आणि घाईत होता.

"बाई, जनावरं बाहेर काढा. पिंजरे रिकामे तपासायचेत."

"हो हो, काढते की! आमची जनावरं शिकवलेली आहेत," मी तोऱ्यात म्हणाले.

पैलवानाचा पट्टा लेकीच्या हातात दिला. राणीसरकारांना मी टॉवेलात गुंडाळून कडेवर घेतलं. दोन्ही पिंजरे आतबाहेर तपासून झाले. छोटा पिंजरा पलीकडे वजनकाट्यावर नेऊन ठेवला, मोठा आमच्यासमोर होता. सगळं कसं लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं.

आणि फोर्कलिफ्टवाल्याने शिट्टी फुंकली!

राणीसरकार टॉवेलातून अशा सुटल्या, की माझ्या कडेवर नुसता टॉवेल उरला. पैलवानाने लेकीला फरफटत नेलं. तिने शहाणपणाने पट्टा सोडला म्हणून बरं! पण त्याच्या पिंजऱ्यासमोर सुपरवायझर आडवा उभा होता. मग पैलवानाने इकडेतिकडे पाहिलं, आणि जे पहिलं उघडं खोकं दिसलं त्यात उडी घेतली.

त्या लाकडी खोक्यात एका दंतवैद्याची कोरी करकरीत खुर्ची होती. दंतवैद्यही परदेशी निघालेले, आणि तपासणीसाठी खोकं उघडून तिच्याकडे मायेने बघत उभे होते. त्या लांबलचक, मऊ, निळ्या खुर्चीवर आमचा पैलवान पाठ टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून पडला!

"माझी खुर्ची! माझी खुर्ची!" दंतवैद्य किंचाळले.

"घाबरू नका, तो चावत नाही!" मी धावले.

"चावत नाही ते दिसतंय मला!" दंतवैद्य सवयीने वाकले. "मागच्या दाढेला कीड आहे याच्या. पण आधी याला उठवा!"

मी खणखणीत आवाजात म्हणाले, "विश्राम!" पैलवान आज्ञाधारकपणे उतरला. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजली, आणि तो पुन्हा खुर्चीवर! पुन्हा "विश्राम!", पुन्हा उतरला. तिसरी शिट्टी, पुन्हा खुर्ची!

"अहो, त्या शिट्ट्या बंद करा!" मी सुपरवायझरवर ओरडले.

"बाई, शिट्टीशिवाय इथे गाडी जागची हलत नाही. माणसं चिरडतील!"

"मग गाड्या थांबवा!"

"तुम्ही कोण मला सांगणार?"

मी कोण! माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी पर्स उघडली आणि एकेका फोर्कलिफ्टवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. "शिट्टी!" एवढंच म्हणायचे. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि निमूटपणे शिट्ट्या पर्समध्ये टाकल्या. सुपरवायझरने स्वतःची शिट्टी मुठीत लपवली होती. तीही काढून घेतली. गोदाम चिडीचूप झालं.

पैलवानाला खाली उतरवलं. पण आता गंमत अशी, की शिट्टीशिवाय तो पिंजऱ्यात जाईना! शिकवणूकच तशी पक्की! मी शिट्टी फुंकली. तो आपल्या पिंजऱ्यावरून उडी मारून परत खुर्चीवर गेला. एकदा मऊ गादी बघितल्यावर कोण लोखंडात जाईल? शेवटी त्याला पुन्हा उतरवून दंतवैद्य, सुपरवायझर आणि मी, तिघांनी मिळून खोक्यावर झाकण दाबून धरलं, दंतवैद्य तर त्याच्यावर आडवेच झाले, आणि लेकीने शिट्टी फुंकली. पैलवानाने झाकणाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि आपल्या पिंजऱ्यात शिरला. मी दार लावलं.

"आई," लेक म्हणाली, "राणीसरकार कुठंय?"

त्या धांदलीत मांजरीचा मला साफ विसर पडला होता! वजनकाट्याकडे बघितलं, तर तिचा पिंजराही तिथे नव्हता. आवराआवरीत कुणीतरी बाजूला सारला असेल, असं मी धरून चालले.

मग जी शोधाशोध सुरू झाली, ती विचारू नका! फोर्कलिफ्टवाले खोक्यांच्या फटींत वाकून "राणीसरकार! राणीसरकार!" अशा हाका मारत होते. दंतवैद्य चिमट्याने पुठ्ठ्याची खोकी उचकटत होते. सुपरवायझर पोटावर झोपून फळ्यांखाली बॅटरी मारत होता, आणि तिथे अडकला, त्यालाही दोघांनी ओढून काढावं लागलं. मी शिट्टी फुंकून पाहिली. मांजर आली नाही. बंद पिंजऱ्यात पैलवान मात्र उगाचच उठून बसला.

सुपरवायझरचा फोन वाजला.

"बाई, विमानात तुमच्या दोन जागा रिकाम्या आहेत म्हणतात. पळा आता. कुत्रा मी चढवतो. मांजर सापडलं की मागाहून पाठवू."

मी लेकीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, आता ही काय करते ते पाहावं तशी. मला खरंच भीती वाटली, विमानाची नाही, तिच्या त्या कोरड्या डोळ्यांची. मी सरळ पैलवानाच्या पिंजऱ्यावर चढून बसले.

"सगळे जाऊ, नाहीतर कुणीच नाही! मांजर सापडेपर्यंत मी इथून हलणार नाही. तुमचं विमान गेलं उडत!"

"ते तेच तर करतंय, बाई!" सुपरवायझर काकुळतीला आला.

लेक माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यासाठी मी दहा विमानं सोडली असती. दंतवैद्यांनीही डोळे पुसले. त्यांची खुर्ची वाचली होती म्हणूनही असेल.

इतक्यात पलीकडच्या पत्र्याच्या खोलीतून वजनकाट्यावरचा माणूस बाहेर आला. फोर्कलिफ्टच्या आवाजाने कान किटतात म्हणून त्याने कानांवर जाडजूड टोप्या चढवल्या होत्या. त्या काढून त्याने सगळीकडे बघितलं. कुणी पोटावर, कुणी खोक्यात डोकं घातलेलं, एक बाई पिंजऱ्यावर बसलेली.

"आज काम बंद आहे का?" त्याने विचारलं.

"मांजर शोधतोय!" सगळे एकदम ओरडले.

"कुठलं? सोनेरी पट्ट्यांचं?"

"हो!"

"ते कशाला शोधताय? ते आपल्या पिंजऱ्यात शेपटी गुंडाळून शहाण्यासारखं बसलं होतं. वजन केलं, दार लावलं आणि विमानात चढवलं. सगळ्यात पहिला नग तोच गेला." तो पिंजऱ्यातल्या पैलवानाकडे आणि वर बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकवलेलं दिसतंय!"

डोक्यावरचा पत्रा थरथरला. विमान उडालं होतं.

सगळ्यांनी वर पाहिलं. मग लेक हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी मी तिला तशी हसताना पाहिलं, पोट धरून, हुंदके येईपर्यंत. मलाही आवरेना. सुपरवायझरला मात्र हसू आलं नाही. त्याला त्याच्या शिट्ट्या परत हव्या होत्या.

पुढच्या विमानाला अजून अवकाश होता. कर्नलीणबाईंनी आम्हा तिघांना घरी ठेवून घेतलं, आणि एकही प्रश्न विचारला नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. साहेबांना फोन करायचं धाडस काही मला झालं नाही. सकाळी शांतपणे करू म्हटलं. पण सकाळी त्यांचाच आला.

"अगं, मी इथे विमानतळावर उभा आहे. फुलं आणलीत, गाडी आणलीय, माझे वरिष्ठसुद्धा तुमच्या स्वागताला आलेत. सगळे प्रवासी बाहेर पडले. शेवटी एकाने ढकलगाडीवरून फक्त राणीसरकारांना आणून माझ्या स्वाधीन केलं."

"मग?" मी बारीक आवाजात म्हणाले.

"मग काय! बाकीची पलटण कुठे अडकली म्हणून हिला विचारतोय, तर माझ्याकडे पाठ करून बसलीय!"