वांग्याची निर्दोष मुक्तता

अन्नापेक्षा बलवान अशी एकच गोष्ट मानवजातीला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे अन्नाविषयीचा सल्ला. या शास्त्रात यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढणारे नागोराव मुळात 'दैनिक पळसपान'मध्ये कापसाचे भाव लिहीत. एकदा त्यांनी तुरीचा भाव कापसाला लावला. संपादक म्हणाले, "तुमी आरोग्य घ्या. तिथं चूक लवकर ध्यानात येत नाई." पात्रतेचा प्रश्नच नव्हता. (त्यांना पूर्वी कावीळ होऊन गेली होती.)

'काय खावे, कायले खावे' या त्यांच्या सदराची कार्यपद्धती पक्की होती. दर सोमवारी एक पदार्थ अमृत ठरायचा, दर गुरुवारी एक विष. पदार्थ मोजके आणि वर्षे अकरा, त्यामुळे दोन्ही पदे प्रत्येकाला फिरून फिरून मिळत. जवस सात वेळा अमृत, सात वेळा विष. अंबाडीची भाजी नुसतीच अमृत. (संपादकांच्या घरची अंबाडी होती.) वांगे चौदा-चौदा, बरोबरीत.

दहाव्या वर्षी तीनशे वाचकांची पाहणी झाली. एकशे एकसष्ट जणी लेख नवऱ्यासाठी कापून ठेवत, ब्याण्णव सुना सासूसाठी, सेहेचाळीस सासवा सुनेसाठी. उरलेले एक गृहस्थ तो डब्यांखाली अंथरत. स्वतःसाठी वाचणारे कोणी आढळले नाही. जिल्ह्याचे आरोग्य असे परस्परच सुधारत होते.

अडचण आली ती मुकुटबनला, सासुरवाडीच्या शेतात. रविवारी रोडग्यांचे जेवण ठरले: कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वर वांग्याची झणझणीत भाजी. नागोराव त्यासाठी तीन दिवस अर्ध्या पोटी राहिले. मात्र त्याच आठवड्यात, गुरुवारी, वांगे पंधराव्यांदा विष ठरले होते. (लेख आधी गेला होता, आमंत्रण नंतर आले.)

बेचाळीस पत्रावळींवर रोडगे पडले. नागोरावांपुढे आली एक वाटी. आत उकडलेला दुधी, बिनमिठाचा.

"हे काय, मारोतराव?" त्यांनी साळ्याला विचारले.

"तुमचं पथ्य, जवाईबुवा. घरोघरी लोकं तुमचं वाचून राह्यले. तुमाले वांगं वाढलं तं आमची इज्जत काय राहीन?"

"अरे, ते वाचकायसाठी असते!"

"वाचकच तं जेवून राह्यले," मारोतराव रस्सा ओरपत म्हणाले.

नागोरावांच्या पत्नी इंदुताईंनी पर्समधून कात्रण काढले. "त्यायले तूप बी नका वाढू. खालच्या चौकटीत लिहेल हाये."

नागोरावांनी फोन काढला आणि संपादकांना तातडीचा मजकूर सांगितला. अकराव्या मिनिटाला तो मोबाइलवर झळकला: 'नव्या संशोधनानुसार वांगे निर्दोष, किंबहुना अमृत.' (संशोधनाचे ठिकाण: मुकुटबन. नमुन्यांची संख्या: एक, उपाशी.) मारोतरावांनी तो पंगतीत खड्या आवाजात वाचला. टाळ्या पडल्या.

आणि शिरस्त्याप्रमाणे कोणीही स्वतः घेतले नाही. बायकांनी नवऱ्यांच्या पानात वाढले, सुनांनी सासवांच्या, सासवांनी सुनांच्या. "घ्या ना बाई, अमृत हाये! तुमच्या गुडघ्याले चांगलं!" इंदुताईंनी तेवढे कोणाला काही वाढले नाही. (त्या फक्त छापील मजकूर मानतात.) भाजीचे पातेले पंगतीच्या टोकाला नागोरावांपर्यंत पोचले, तेव्हा आत नुसती पळी होती.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोणी एक माणूस आलाच असेल: 'हे त्यानं वाचलं पाहिजे.' तो माणूस तुम्ही स्वतः नाही, हेही उघड आहे. पाठवा, जरूर पाठवा. नागोरावांची विनंती एवढीच, की आधी त्याचं जेवण होऊ द्या.