बिनकामाची फुलं

काही माणसांना दुसऱ्याच्या हातून झालेलं चांगलं काम बघवत नाही. ती विरोध करत नाहीत; विरोधाला निदान उत्तर देता येतं. ती मदतीला येतात.

अशाच एकाला कचेरीत सगळे ‘कात्री’ म्हणत. कुठल्या खात्यात कोण नुसता बसून पगार खातो ते हुडकायचं आणि ते पद छाटायचं, हे त्याचं काम. (स्वतःच्या पदाकडे त्याची नजर कधी गेली नाही. कात्री स्वतःला कापत नाही.) त्याची बायको मात्र रोज सकाळी पडीक मैदानावरच्या सामाईक बागेत राबायची. तिने आणि आणखी चार-पाच जणांनी दगड वेचून तिथे वाफे केले होते. उन्हाळ्यात भाजी महागली की पलीकडच्या वृद्धाश्रमातल्या ताटातून ती नाहीशी होते. यंदा भोपळे आणि काकड्या आमच्याकडून, असा शब्द तिने तिथे दिला होता.

"मीही येतो बागेत," कात्री एकदा चहा पिता पिता म्हणाला.

"तुम्ही? तुम्हाला गॅलरीतली एक कुंडी जगवता आली नाही."

"कुंडीत मॅनेजमेंटला वाव नसतो."

नवरा आपणहून काही करायला निघाला याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं, की सगळे वेल तिने त्याच्या हवाली केले. बिचारी.

वेल फुलले. कात्रीने तपासणी केली. काही फुलांच्या मागे इवलासा भोपळा दिसत होता. ती कामावर होती. बाकीची, आणि तीच जास्त, नुसत्या लांब देठावर ऐटीत उभी. फळाचा पत्ता नाही, आणि वेलाचं पाणी मात्र पितात! असली फुलं तो सगळ्यांच्या आधी येऊन खुडू लागला. कुणाला बोलला नाही. (कपात आधी जाहीर करायची नसते.)

इवले भोपळे पिवळे पडून गळायला लागले. काकड्यांचीही तीच गत. ऊन सोसत नसेल, असं म्हणून बायकोने पाणी वाढवलं. कात्रीने कपात वाढवली.

शेवटी एका सकाळी ती लवकर आली.

"अहो, हे काय करताय?"

"ऐतखाऊ फुलं काढतोय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. एकही सुटलेलं नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

तिने खाली पडलेलं एक फूल उचलून त्याच्यासमोर धरलं.

"अहो, ती नरफुलं! मधमाशी त्यांचा पराग त्या दुसऱ्या फुलांना नेऊन लावते, तेव्हा फळ धरतं."

"पण ती काही करताना दिसत नव्हती गं!"

"तुम्ही तरी कधी दिसता का? मी खुडलं तुम्हाला?"

यावर ती हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही. ओरडली असती तरी बरं झालं असतं. ती गळलेले भोपळे ओंजळीत गोळा करत राहिली. वेल आता पिवळे पडत चालले होते. पुन्हा फुलून फळ धरेपर्यंत उन्हाळा सरणार होता.

दुपारी तिने टोपली त्याच्या हातात दिली. "शब्द मी दिला होता. मोडलात तुम्ही. तुम्हीच जाऊन सांगा."

टोपलीत एक काकडी होती. पानाआड लपून कपातीतून वाचलेल्या कुठल्याशा फुलाची ती करणी.

वृद्धाश्रमात पंगत बसली होती. ताटांत पातळ डाळ, आणि शेजारी भाजीची वाटी, रिकामी. बागेतली भाजी येणार म्हणून हल्ली ते ती रोज मांडून ठेवत. कात्री दारात उभा राहिला. मान खाली, हातात टोपली, टोपलीत काकडी.

टोकाचे एक आजोबा बाकावर जरा सरकले.

"नवीन का? या, बसा. घरच्यांनी पाठवलं की सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. सामान एवढंच?"